रंगाऱ्याची जीभ

आमच्या फ्लॅटमधलं कमोड पांढरं नसतं, तर अण्णांचा आजार आम्हाला आणखी वर्षभर तरी कळला नसता. हे वाक्य लिहिताना मला लाज वाटते, कारण मी शाळेत विज्ञान शिकवते. अठरा वर्षं शिकवतेय. पण जे झालं ते असंच झालं.

अण्णा म्हणजे माझे वडील. येवल्याला पैठणीचं रेशीम रंगवायचं काम त्यांनी जन्मभर केलं. मोतीबिंदू वाढला, रंगाची छटा जुळेना, तेव्हा तीन वर्षांपूर्वी त्यांनी भट्टी माझ्या धाकट्या भावाच्या हाती दिली आणि स्वतः ओट्यावर बसून त्याच्या चुका काढायला लागले. डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्या म्हणून मी दोन वर्षं त्यांच्या मागे लागले होते. "रेशीमच रंगवायचं नाय, तर डोळे कशाला पाह्यजेत?" असं म्हणून ते टाळायचे. शेवटी गेल्या थंडीत नाशिकला माझ्याकडे आले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, आणि डोळ्यात वेळच्या वेळी थेंब पडावेत म्हणून मी त्यांना पंधरा दिवस ठेवून घ्यायचं ठरवलं.

अण्णांना कमोडचा भारी तिटकारा. "खुर्चीवर बसून कसं काय जमतं तुम्हाला," म्हणायचे. फ्लशचं बटण दाबायला तर हमखास विसरायचे. मी आणि माझा नवरा त्यावरून त्यांची फिरकी घ्यायचो. सहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, त्यांच्या मागोमाग मी बाथरूममध्ये शिरले आणि "अण्णा, बटण!" म्हणून ओरडणारच होते, पण शब्द तोंडातच राहिला. खालचं पाणी लाल होतं. फिकट गुलाबी वगैरे नाही, चांगलं लाल, आणि त्यात एक काळसर गुठळी होती.

मी दाराची चौकट धरून उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग बाहेर आले आणि जमेल तितक्या साध्या आवाजात विचारलं, "अण्णा, तुम्हाला लघवी लाल होतेय?"

ते चहात टोस्ट बुडवत होते. मान वर न करता म्हणाले, "अगं, रंग असंल."

"कसला रंग?"

"रंग म्हंजे रंग. लागतो कुठं कुठं."

"अण्णा, तीन वर्षं झाली, तुम्ही रंगाला हात लावलेला नाही. आणि सहा दिवस तुम्ही माझ्या घरात आहात."

टोस्टचा भिजलेला तुकडा कपात पडला. त्यांनी ऑपरेशन झालेल्या डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. आपण काय बोललो ते त्यांनाही त्या क्षणी कळलं असावं. चहा तसाच राहिला.

"रंग असंल" हे उत्तर बाहेरच्या माणसाला वेडेपणाचं वाटेल. आमच्या घरात वाढलेल्या माणसाला वाटणार नाही. येवल्याच्या घरी मागच्या अंगणात भट्टी आणि भट्टीला लागून काळ्या फरशीची मोरी. रंगाचं उरलेलं पाणी, रेशमाच्या लड्या खळबळून काढल्याचं पाणी, आमच्या आंघोळीचं पाणी, सगळं त्याच मोरीतून जायचं, आणि घरातले पुरुष लघवीलाही तिथेच उभे राहायचे. मोरी आज राणी, उद्या डाळिंबी, परवा मोरपंखी. गल्लीच्या तोंडाशी गटाराचं पाणी बघून शेजारीण आईला म्हणायची, "यंदा जांभळ्याला लय मागणी दिसते!" शाळेत माझ्या वहीच्या पानांवर बोटांचे ठसे उमटायचे म्हणून पोरं मला रंगपंचमी म्हणायची. अण्णा पंगतीला बसले की वाढणारा हटकून म्हणायचा, काका, हात धुऊन घ्या, आणि ते धुतलेलेच असायचे. त्यांच्या नखांचा खरा रंग मी पहिल्यांदा बघितला तो त्यांनी काम सोडल्यावर.

कपड्यांचं तर विचारूच नका. पायजमे, टॉवेल, उशांचे अभ्रे, सगळ्यांवर डाग. आईने साबण, सोडा, लिंबू, रॉकेल, सगळं करून पाहिलं आणि मग नाद सोडला. "रंगाऱ्याच्या घरचा डाग आणि गोंदण सारखंच, मेल्यावरच जायचं," असं ती म्हणायची. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण तिच्या नऊवारीवरचे डाग अजून ट्रंकेत आहेत, ताजे असावेत तसे.

अशा घरात लाल पाणी दिसलं तर दचकणार कोण? आमच्याकडे लाल पाणी दिसलं नाही तर लोक काळजीने विचारायचे, काम बंद आहे का म्हणून.

त्या रविवारी मी अण्णांना समोर बसवून एकेक गोष्ट काढून घेतली. दीड वर्षापासून होत होतं. यायचं, एक-दोन दिवस राहायचं, मग महिना दोन महिने काही नाही. त्यात डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा. दुखत नव्हतं, ताप नव्हता.

"उन्हाळी लागली असंल म्हणून धन्याजिऱ्याचं पाणी प्यालो. गेलं की!"

"उन्हाळी लागली की जळजळतं, अण्णा."

"मग जळजळत नव्हतं, म्हंजे चांगलंच ना?"

मला त्यांचा राग आला, खूप राग आला, आणि राग आला याचीच भीती वाटली. दीड वर्षात मी येवल्याला निदान दहा वेळा जाऊन आले होते. त्याच मोरीवर हातपाय धुतले होते.

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली. मूत्राशयात गाठ दिसत होती. ज्या डॉक्टरांकडे पाठवलं त्या माझ्याच वयाच्या बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. रिपोर्ट बघून त्यांनी विचारलं, "बिडी, सिगरेट, तंबाखू?"

"सुपारीचं खांडसुद्धा नाय," अण्णा ताठ बसून म्हणाले.

"काम काय करता?"

"निवृत्त आहेत," मी मध्येच म्हटलं. आपल्याकडे फॉर्मवर असंच लिहितात.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "कशातून निवृत्त?"

आजवर अण्णांना कितीतरी डॉक्टरांनी तपासलं असेल. खोकल्याला, गुडघ्याला, आता डोळ्यांना. त्यांतल्या एकानेही हा प्रश्न विचारला नव्हता. आणि आम्हीही कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंच नव्हतं. मी म्हटलं, "येवल्याला रेशीम रंगवायचे." बाईंनी पेन खाली ठेवलं.

"किती वर्षं?"

"चाळीस तर कुठं गेली नाय," अण्णा म्हणाले.

"हातानेच?"

"मग काय पायानं?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी एका कागदावर मूत्राशयाचं चित्र काढलं, आठवीच्या पुस्तकात असतं तसं, आणि सावकाश सांगितलं. कापडाच्या काही रंगांत, विशेषतः जुन्या, अशी द्रव्यं असतात की ती कातडीतून, श्वासातून, तोंडातून आत गेली की मूत्रपिंडं ती गाळून लघवीत टाकतात. लघवी मूत्राशयात तासन् तास थांबते, आणि त्या वेळात त्या पिशवीच्या अस्तराला ती द्रव्यं चाटत राहतात. आज नाही, उद्या नाही, वीस-पंचवीस-तीस वर्षांनी तिथे गाठ उगवते. पहिली खूण बहुतेक वेळा हीच, लघवीतून रक्त, आणि तेही न दुखता. "दुखत नाही म्हणून लोक थांबतात," त्या म्हणाल्या. "खरं तर न दुखता रक्त गेलं तर त्याच आठवड्यात यायचं."

"पण सगळेच रंग काय वाईट नसत्यात," अण्णा म्हणाले. चाळीस वर्षांच्या कामाची बाजू घेतल्याशिवाय त्यांना राहवेना.

"नसतात. त्यातल्या घातक रंगांवर बंदीही आलेली आहे. तुम्ही कोणते वापरत होतात?"

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. कोणते? रंग दुकानातून पुडीत यायचा. वर्तमानपत्राची पुडी आणि वर पेन्सिलीने लिहिलेलं, लाल दोन नंबर. लाल दोन नंबर म्हणजे आत काय, हे देणाऱ्यालाही ठाऊक नसावं. आम्ही पाव किलो शेंगदाणे आणताना ते खवट आहेत का म्हणून एक दाणा फोडून बघतो, आणि हे मात्र चाळीस वर्षं तसंच्या तसं हातात घेतलं.

मग बाईंनी विचारलं, "तोंडात कधी जायचं का? नकळत?"

"छ्या! रंग कोण खातंय?" अण्णा म्हणाले.

आणि मला आठवलं.

रेशमावर रंग नीट चढायचा तर पाणी आंबट असावं लागतं. आंबट कमी झालं तर रंग पाण्यातच राहतो, जास्त झालं तर एका जागी धरतो आणि चट्टे पडतात. किती आंबट झालं ते अण्णा जिभेवर बघायचे. उकळायच्या आधी करंगळी भांड्यात बुडवायची, जिभेच्या टोकाला लावायची, डोळे मिटायचे, आणि मग मोरीत पचकन थुंकायचं. "डोळा फसंल, जीभ नाय फसायची," हे त्यांचं ब्रीदवाक्य. येवल्यात त्यांचा नावलौकिक होता तो या जिभेचा. दुसरे रंगारी आपलं भांडं बिघडलं की त्यांना बोलवायला यायचे, आणि अण्णा तिथे जाऊन त्यांच्याही भांड्यात करंगळी बुडवायचे.

मी सात-आठ वर्षांची असताना त्यांनी मलाही चाखायला शिकवलं. "सांग, केवढं?" मी डोळे मिटून सांगायची, कैरीएवढं. चिंचेएवढं. बरोबर आलं की ते आईला हाक मारून सांगायचे, पोरीची जीभ माझ्यावर गेलीय. माझ्या लहानपणी मला मिळालेली सगळ्यांत मोठी शाबासकी हीच.

आणि माझी अक्कल बघा. शाळेत आठवीच्या मुलांना पहिल्यांदा प्रयोगशाळेत नेते, तेव्हा मी त्यांच्याकडून वहीत पहिला नियम लिहून घेते: प्रयोगशाळेतला कोणताही पदार्थ चाखून बघू नये. खाली दोन रेघा मारायला लावते. मग लिटमस कागद दाखवते. आणि त्याच तासाला, दरवर्षी, मुलांना कौतुकाने सांगते की माझ्या वडिलांना असला कागद लागत नाही, ते नुसत्या जिभेवर सांगतात. मुलं टाळ्या वाजवतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! अठरा वर्षांत मला एकदाही त्या दोन वाक्यांमधला सांधा दिसला नाही. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. इथे दिवाच आंधळा होता.

"अण्णा," मी म्हटलं, "तुम्ही चाखायचात."

अण्णांनी आपल्या करंगळीकडे पाहिलं. म्हणाले, "पण मी थुंकायचो."

डॉक्टरबाईंनी मला एकटीला नंतर नीट समजावलं. अमुक एका गोष्टीनेच झालं असं त्या छातीठोक सांगू शकत नव्हत्या. चाखण्यापेक्षा उघड्या हातांतून आणि पुडी फोडताना उडणाऱ्या धुळीतून जास्त गेलं असेल. कदाचित दुसरंही काही कारण असेल. पण हे काम आणि हा आजार यांची ओळख फार जुनी आहे, असं त्या म्हणाल्या. मला मात्र ती करंगळीच दिसत राहिली.

ऑपरेशन दुर्बिणीने झालं. कमरेखालचाच भाग बधिर केला होता, त्यामुळे अण्णा जागे होते आणि पडद्यावर सगळं बघत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "फ्लॉवरचा तुरा असतो ना, तसं होतं. रंग म्हणशील तर डाळिंबी नाय, राणी बी नाय, मधलाच कायतरी." नवा डोळा त्यांनी पहिल्यांदा कामाला लावला तो असा. मी हसले आणि मग जिन्यात जाऊन रडले.

तपासणीत कॅन्सर निघाला. पण अस्तरापुरताच होता, खालच्या स्नायूत उतरला नव्हता. "वेळेवर आलात असं म्हणणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण फार उशीरही केला नाहीत." दर तीन महिन्यांनी आत दुर्बीण घालून बघायचं, हा आजार परत परत डोकं वर काढतो म्हणून. अण्णांनी सगळं निमूटपणे ऐकलं. आम्ही उठायला लागलो तेव्हा बाईंनी विचारलं, "घरात अजून कोण करतं हे काम?"

मी अण्णांकडे बघितलं, अण्णांनी माझ्याकडे. आठवडाभर आम्ही दोघांनी हा प्रश्न एकमेकांना विचारला नव्हता.

"मुलगा," अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

माझा भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. शाळा सुटल्यापासून भट्टीवर. त्यालाही अण्णांनीच चाखायला शिकवलेलं. मी त्याच दिवशी फोन केला, सगळं सांगितलं, तपासणी करून घे म्हटलं. "करतो, करतो," तो म्हणाला. "मला काय झालंय? ठणठणीत हाय मी. आधी अण्णांचं बघ." आठवड्याने परत फोन केला. लग्नसराईचा माल होता. त्याच्या पुढच्या आठवड्यात तो दुसरं काहीतरी बोलला. अण्णा शेजारी बसून ऐकत होते. फोन ठेवला की विचारायचे, "काय म्हणतोय?" आणि मी सांगायच्या आधीच मान हलवायचे.

अण्णांना परत घेऊन जायची वेळ आली तेव्हा मी पिशवीत रबरी हातमोजे, धुळीचे मास्क आणि पीएच कागदाच्या दोन डब्या भरल्या. लिटमस नुसतं आंबट आहे एवढंच सांगतो. हा कागद किती आंबट ते सांगतो: पाण्यात बुडवायचा आणि उमटलेला रंग डबीवरच्या रंगांशी जुळवायचा. रंगाऱ्याला हे शिकवावं लागणार नव्हतं.

येवल्याला पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. भावजयीने अण्णांना मागच्या दारच्या ओट्यावर गादी घालून बसवलं. त्यांच्या डोळ्यांवर ऑपरेशनचा काळा चष्मा होता. मी पिशवी घेऊन मागच्या अंगणात गेले. भावाने गॅसच्या शेगडीवर मोठं पातेलं चढवलं होतं, अंगात गंजिफ्रॉक, हात कोपरापर्यंत राणी. मला बघून हसला, "आलीस का, ताई," म्हणाला, आणि बोलता बोलता करंगळी पातेल्यात बुडवून जिभेला लावली.

मी ओरडले. म्हणजे काय ओरडले ते मलाही कळलं नाही. वर्गातसुद्धा मी कधी असा आवाज काढलेला नाही. शेजारच्या घराची खिडकी उघडली.

"अगं, थुंकतो ना मी!" तो म्हणाला, आणि थुंकला.

मी कागद काढला, त्यावर पातेल्यातला एक थेंब टाकला आणि डागाभोवती पसरलेली ओली कड डबीवर धरून दाखवली. त्याने वाकून बघितलं. जीभ जे सांगत होती तेच कागद सांगत होता. "भारी हाय की," म्हणाला. "पण कागदाला बी रंग बदलावा लागतो, तेव्हा जाऊन कळतं. जिभेला तसलं काय लागत नाय." त्याने माझं समाधान करायचं म्हणून हातमोजे घातले, लड्या पातेल्यात सोडल्या, दोनदा फिरवल्या आणि मोजे काढून ठेवले. "रेशीम हाताला कळत नाय यातून. चट्टे पडतील. अण्णांना विचार."

ओट्यावर अण्णांनी हातातली काठी मांडीवर आडवी घेतली.

इथे एक सांगायला हवं. लडी एकदा भांड्यात गेली की भट्टी सोडायची नाही आणि आच मोडायची नाही, हा अण्णांचा कायदा. रेशीम सतत फिरवत राहायचं, रंग पूर्ण चढेपर्यंत. मी जन्मले तेव्हा दवाखान्यातून निरोप आला, मुलगी झाली. अण्णांनी उरलेल्या लड्या पूर्ण केल्या आणि मग दोन तासांनी, जांभळ्या हातांनी मला बघायला आले. आईने ते त्यांना आयुष्यभर ऐकवलं. अण्णा त्यावर म्हणायचे, पोरगी कुठं जाणार होती? रेशीम गेलं असतं.

मी भावाच्या शेजारी उभी राहिले आणि विचारलं, "तुला कधी लघवीतून लाल गेलंय?"

"नाय."

"नीट आठवून सांग."

"नाय म्हटलं ना. आणि या मोरीत काय कळतं, ताई? सगळं लालच हाय." तो लड्या फिरवत राहिला. "तू नाशिकला राहते, तुला सगळीकडं आजार दिसतो. आमचं काम बंद पाडायला आलीस का काय?"

माझाही पारा चढला. तोंडाला येईल ते बोलले. अण्णांची दुर्बीण, ऑपरेशननंतर अण्णांच्या लघवीला रात्रंदिवस लावलेली नळी, सगळं काढलं. तो माझ्याकडे बघेना. त्याची मान खाली आणि हात पातेल्यात. हरले, असं वाटून मी पिशवी आवरायला लागले.

भावजय दोरीवर कपडे वाळत घालत होती. लग्न होऊन आली तेव्हापासून मी तिला मोठ्याने बोलताना ऐकलेलं नाही. तिने हातातला टॉवेल परत बादलीत टाकला.

"ताई," ती म्हणाली, "एक सांगू का?"

"तू गप बस," भाऊ म्हणाला.

ती गप्प बसली नाही. पण बोलली ती माझ्याशीच, त्याच्याकडे न बघता. "दिवाळीच्या आधी यांच्या पायजम्यावर डाग होता. पुढच्या बाजूला. मला वाटलं राणी रंग हाय. म्हटलं, राह्यला तर राहू दे, आपल्याकडं कुठं डाग जातो? तरी जरा साबण लावला."

ती थांबली. तिने बादलीतला टॉवेल उगाच पिळला.

"तो निघाला हो, ताई. एका हातात निघाला. गार पाण्यानं."

मला एक क्षण अर्थच लागला नाही. मग लागला. माझ्या आईने जन्मभर घासघासून एकही डाग न निघालेल्या त्या घरात, एक डाग निघाला होता. आणि ही मुलगी तेव्हापासून, दिवाळीपासून, रोज त्याचे कपडे धुताना ते मनात घेऊन बसली होती. "संक्रांतीला बी एक निघाला," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

भावाचे हात थांबले. त्याने नाही म्हटलं नाही.

मागे काठी वाजली. अण्णा ओट्यावरून उठून, भिंतीला धरत, अंगणात आले होते. त्यांनी काळा चष्मा काढून खिशात ठेवला. पातेल्यात डोकावून बघितलं. लड्या नुकत्या कुठे रंग धरायला लागल्या होत्या, अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या राणी. मग ते वाकले आणि त्यांनी शेगडीचं बटण बंद केलं.

"अण्णा!" भाऊ ओरडला. "रेशमावर डाग पडतील!"

"पडू दे," अण्णा म्हणाले. "चप्पल घाल."